तीन पहारेकरी आणि एक गोल शिक्का

उत्तमराव एकतीस वर्षे सरकारी कचेरीत होते आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. या काळात त्यांनी एकही चुकीचा कागद पुढे जाऊ दिला नाही. बरोबर कागदही फारसे गेले नाहीत, पण त्याला इलाज नव्हता. चुकीचे नेमके अडवायचे तर सगळेच अडवावे लागतात. धामणगाव बढे या त्यांच्या गावात त्यांना मान होता. ज्यांचे काम कधी त्यांच्या टेबलावर गेले नव्हते, ते तर त्यांना फारच मानत.

नात समीक्षा बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे होते, अर्ज ऑनलाइन भरायचा होता, म्हणून मुलाने वाळूजहून एक संगणक पाठवून दिला. तो बैठकीच्या खोलीत मांडला, त्याला हळदकुंकू लागले, आणि त्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, की घरच्या संगणकाला अँटिव्हायरस लागतो की नाही.

बसस्टँडजवळच्या दुकानातल्या राजकुमारने तो एका दमात सोडवला. त्याने विचारले, "काका, दाराले कुलूप लावता ना? मंग याले काऊन नाई?" आणि हा अँटिव्हायरस काय काय करतो ते सांगितले. येणाऱ्या प्रत्येक फाइलवर संशय घेतो. संशय आला की अडवून ठेवतो. अडवलेल्याचे पुढे काय झाले, ते सहसा कोणाला कळत नाही. ऐकताना उत्तमरावांना भरून आले. आपली जागा रिकामी राहिली नाही, असे त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वाटले.

समीक्षाचे म्हणणे वेगळे पडले. "आबा, याच्यात कंपनीनं देल्लेलं एक असतेच. घरी तेवढं पुरते. फक्त ते अपडेट ठेवाचं, अन भलतीसलती फाइल उघडाची नाई."

"अंतर्गत यंत्रणेवर विसंबून राहण्याची पद्धत नाही," उत्तमराव म्हणाले. राजकुमारचा अँटिव्हायरस बसला. मग पहिल्यावर देखरेख कोणाची, असा रास्त मुद्दा त्यांनीच काढला, म्हणून दुसरा बसला. दोघांचे संगनमत होऊ नये म्हणून तिसरा बसला.

दुसऱ्याच दिवशी पहिल्याने दुसऱ्याला संशयित ठरवले. दुसऱ्याने पहिल्याचा अहवाल अडवला. तिसऱ्याने दोघांनाही नोटीस काढली आणि स्वतःचीच तपासणी सुरू केली. तीन खाती एका खोलीत बसवली की दुसरे काय व्हायचे? उत्तमराव सकाळी बटण दाबून आंघोळीला जात. पूजा उरकून, चौकात चक्कर मारून परत येत, तेव्हा पडद्यावर काहीतरी दिसू लागण्याची चिन्हे असत. समीक्षा कुरकुरली. जे काम भरभर होते त्यात काहीतरी पाणी मुरत असते, असा आपला एकतीस वर्षांचा अनुभव त्यांनी तिला सांगितला.

त्यांनी आवक नोंदवहीही घातली. मूळ कागद पडताळणीसाठी कॉलेजात जमा होते, म्हणून समीक्षाने ते तिथेच स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणले होते. कागद संगणकात उतरवून घेतले गेले. पेनड्राइव्ह मात्र बाहेर फिरून आलेला, त्यामुळे त्याला पंधरा दिवसांचे विलगीकरण ठोठावण्यात आले. त्यासाठी सत्यभामाबाईंचा कुरडयांचा स्टीलचा डबा रिकामा करून घेतला गेला, झाकणावर कागदी पट्टी चिकटली आणि पट्टीवर उत्तमरावांची सही झाली. सत्यभामाबाईंनी कुरडया परातीत ओतल्या आणि नवऱ्याकडे एकदा पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बोलण्यापेक्षा पाहण्याचेच काम जास्त करत आल्या होत्या.

अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. फॉर्म भरून झाला होता, कागद जोडायचे राहिले होते. त्या दिवशी सकाळी समीक्षाने कागदांचा फोल्डर उघडायला घेतला, तर तो जागेवर नाही. तिसऱ्या पहारेकऱ्याने रात्रीतून उचलून अडकवून ठेवला होता. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : अनोळखी. समीक्षा त्या घरात अठरा वर्षांपासून राहत होती.

"आबा, हे बटन दाबलं का सुटते. दाबू?"

उत्तमरावांनी तिचा हात धरला. आक्षेप नोंदला गेला आहे. नोंदलेला आक्षेप तोंडी विनंतीवर मागे घेता येत नाही. लेखी अर्ज आला तर विचार होईल. समीक्षाने वहीचे पान फाडून अर्ज लिहिला. विषय लिहिला नव्हता म्हणून तो परत आला. तिने विषय लिहिला. मग संदर्भ नव्हता. तिसऱ्या खेपेला उत्तमरावांनी त्यावर 'तपासून अहवाल सादर करावा' असा शेरा मारला. अहवाल सादर करणारे तेच होते. पण तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

पोळी वाढताना सत्यभामाबाई म्हणाल्या, "लोकायले दाखल्यासाठी तुमच्या टेबलापाशी उभं राहा लागे. म्या म्हनो, बिचारे. आता घरच्या पोरीलेच उभं केलं तुम्ही."

उत्तमरावांनी ताक मागितले.

अडीच वाजता संगणकावर एक पत्र आले. पाठवणारे होते कुठले तरी 'गृहसंगणक सुरक्षा संचालनालय'. उत्तमरावांनी हे नाव कधी ऐकले नव्हते, पण पत्र पाहून ते खुर्चीत सरसावले. वर मुद्रा होती. डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक. विषय होता, दोन संदर्भ होते. भाषा अशी, की एकदा वाचून काही कळू नये. आणि खाली उजव्या कोपऱ्यात निळा, गोल, जरासा वाकडा उमटलेला शिक्का. सरळ शिक्का पाहून उत्तमरावांना नेहमी शंका येई. घाईच्या कचेरीत शिक्का वाकडाच उमटतो. हा अस्सल होता.

पत्राचा आशय इतकाच, की सोबतची फाइल उघडून आपला संगणक प्रमाणित करून घ्यावा. तळाशी लिहिले होते : प्रत माहितीस्तव, आपले सर्व परिचित. उत्तमरावांनी नियमाप्रमाणे आधी प्रती रवाना केल्या. संगणकात आणि मोबाइलात मिळून दोनशे चौदा परिचित निघाले. मग त्यांनी सोबतच्या फाइलवर बोट ठेवले.

तिन्ही पहारेकरी एकदम ओरडले. एवढे एकमत त्यांच्यात कधी झाले नव्हते. पडद्यावर तीन लाल पाट्या आल्या : ही फाइल धोकादायक आहे, उघडू नका.

"आबा, ते म्हनून राह्यले त नोका उघडू," समीक्षा म्हणाली. "तुम्हीच ठेवले ना त्यायले."

"पत्र वाच. जावक क्रमांक आहे, मुद्रा आहे, शिक्का आहे. तुझ्या फोल्डरवर काय होतं?" असे म्हणून त्यांनी तिन्ही पाट्यांवर 'तरीही परवानगी द्या' दाबले आणि नोंदवहीत लिहिले : सदर पत्र सक्षम प्राधिकाऱ्याचे असल्याने कनिष्ठांचे आक्षेप अमान्य.

पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरे आली. आपल्या संगणकातील सर्व फाइली आमच्या ताब्यात घेण्यात आल्या आहेत. आपण स्वतः काही करू नये. सोडवणुकीसाठी लेखी संपर्क साधावा. उत्तरास विलंब लागू शकतो.

उत्तमरावांनी तो मजकूर दोनदा वाचला. त्यात एकही चूक सापडली नाही. कोपऱ्यात तीन हिरव्या खुणा लुकलुकत होत्या. प्रत्येकीखाली लिहिले होते : आपला संगणक सुरक्षित आहे.

चार वाजले. समीक्षा रडत नव्हती. ती कपाटावरच्या डब्याकडे पाहत होती. तिचे कागद आता फक्त त्या पेनड्राइव्हवर उरले होते.

"बारावा दिवस आहे," उत्तमराव म्हणाले. त्यांचा नातीवर जीव होता, तिचा प्रवेशही हवा होता. पण पट्टीवर त्यांची स्वतःची सही होती, आणि स्वतःच्या सहीविरुद्ध जाण्याचा त्यांना सराव नव्हता. तीन दिवस आधी पट्टी फोडायची तर कोणत्या नियमाखाली, हे ते नोंदवहीत शोधू लागले.

सत्यभामाबाई उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी डबा खाली काढला.

"हा डबा माहा हाय. माह्या माहेरचा. तुमच्या वहीत याची नोंद हाय काय?"

उत्तमरावांनी पाने उलटली. पेनड्राइव्हची नोंद होती. डब्याची कुठेही नव्हती.

"मंग मी माहा डबा पोरीसंग धाडून राह्यली. आत काय हाय, मले माहीत नाई."

समीक्षा पट्टी न फोडलेला डबा छातीशी धरून बसस्टँडपर्यंत पळाली. राजकुमारच्या दुकानात पट्टी फुटली, पेनड्राइव्ह लागला, आणि चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. पावतीचा कागद हातात आल्यावरच तिला धड श्वास घेता आला. मग तिने राजकुमारला विचारले, या मशीनवर कोणता अँटिव्हायरस आहे?

"याच्यात जे आतलं असते, तेवढंच."

"मंग आबाले तीन काऊन देल्ले?"

"त्यायनं मांगले. मले कामं करा लागते बाई, तीन-तीन बसवले त मशीन हलन काय? आपलं सोपं हाय. अनोळखी काई उघडाचंच नाई."

तिकडे घरी उत्तमराव अहवाल लिहीत होते. दुर्घटनेचे कारण : पहारेकऱ्यांची अपुरी संख्या. शिफारस : चौथा. आणि कुरडयांच्या डब्यांची नोंद यापुढे स्वतंत्र वहीत घ्यावी.

समीक्षा पावती घेऊन दुकानाची पायरी उतरली, तेव्हा कुठे राजकुमारला मोबाइल पाहायला सवड झाली. दुपारपासून एक पत्र येऊन पडले होते. उघडण्याआधी त्याने पाठवणाऱ्याचे नाव नीट पाहिले, कारण तो सावध माणूस होता. उत्तमराव काका. पंचक्रोशीत त्यांच्या हातून कधी खोटा कागद पुढे गेल्याचे कोणी ऐकले नव्हते. खाली गोल शिक्काही होता, जरासा वाकडा. राजकुमारने बोट ठेवले.

त्याच्याही मोबाइलात परिचित बरेच होते. त्या परिचितांचेही परिचित होते. त्यामुळे प्रत तुमच्यापर्यंत पोहोचायला फार दिवस लागायचे नाहीत. कदाचित पोहोचलीही असेल. पाठवणारा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. मुद्रा आहे, जावक क्रमांक आहे. उत्तमरावांना हसून झाले असेल, तर आपले बोट आत्ता कुठे आहे, तेवढे एकदा पाहून घ्या.