तेवढं ‘नाही’ म्हणा

मंगळवारी सकाळी लेस्टर कॅलिओने बँकेचं खातं तिसऱ्यांदा उघडून पाहिलं आणि तिसऱ्यांदाही त्यात भत्ता जमा झालेला नव्हता.

"नाही आला," तो म्हणाला.

"येईल," पावासाठी पीठ मळता मळता त्याची बायको बर्नी म्हणाली. "वेलची कुठे ठेवलीस?"

"दर मंगळवारी नाश्त्याच्या आत येतो. आज नाही. याचा अर्थ कुणीतरी थांबवलाय."

"कोणी?"

"तेच तर शोधायचंय."

लेस्टर मूळचाच संशयी. दुकानातून आणलेलं मटण तो घरच्या काट्यावर पुन्हा मोजायचा. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्याने जखमेवर लावायची पट्टी चिकटवली होती, आणि तीसुद्धा वापरलेली, कारण नवी कशाला फुकट घालवायची. केटल बेहून बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीवर तो डेकवरची कामं करायचा. तलाव गोठला की बोट धक्क्याला बांधायची आणि बर्फ वितळेपर्यंत राज्याच्या बेकारी भत्त्यावर जगायचं, हा त्याचा दर वर्षीचा हिवाळा. भत्ता बंद पडला तर गॅसची टाकी भरता येणार नव्हती, आणि टाकी भरता आली नाही तर घर बंद करून बर्नीचा भाऊ ड्वेन याच्या तळघरात मुक्काम हलवावा लागणार होता. ड्वेनचं तळघर उबदार होतं. पण "खरा पुरुष हिवाळ्याची सोय उन्हाळ्यात करून ठेवतो" हे वाक्य त्या तळघरात रोज जेवणाबरोबर वाढलं जायचं. लेस्टरला त्यापेक्षा थंडीने मरण परवडलं असतं.

भत्त्याची अट अशी, की आठवड्यातून तीन ठिकाणी काम मागायचं आणि रविवारी तसं लिहून कळवायचं: कुठे गेलो, कोणाशी बोललो, उत्तर काय मिळालं. केटल बेमध्ये दुकानं मोजून सात-आठ आणि निम्मा गाव हिवाळ्यात बेकार. त्यामुळे हा प्रकार आता जवळजवळ धार्मिक विधी झाला होता. आत जायचं, "काम आहे का?" विचारायचं, समोरच्याने "नाही" म्हणायचं, "आभारी आहे" म्हणून बाहेर पडायचं. लोखंडी सामानाच्या दुकानातला रूडी तर दार वाजलं की वर न बघताच "नाही" म्हणायचा. खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही कित्येकदा परत जायचं.

घोटाळा झाला होता तो शनिवारी. दोन ठिकाणं झाली होती, तिसरं राहिलं होतं, आणि बाहेर असं हिमवादळ सुटलं की घराचं दारच उघडेना. रविवारी लेस्टर फॉर्म भरायला बसला. डोकं खाजवत त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे डोरीनचं हेअर सलून होतं. त्याने लिहून टाकलं: ‘डोरीनचं सलून. बोललो मालकिणीशी. उत्तर: नाही.’ लिहिल्यावर त्याला बरं वाटलं. फॉर्म पाठवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की डोरीन ऑक्टोबरपासून मुलीकडे अॅरिझोनात आहे आणि सलूनच्या दाराला कुलूप आहे.

आणि आता मंगळवार होता, आणि पैसे आले नव्हते.

दुपारी तो रूडीकडे गेला. "नाही," रूडी म्हणाला.

"काम नकोय रे. खबर काय?"

रूडीने आता मात्र वर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक माणूस फिरतोय. लांब काळा कोट, पायात शहरी बूट. या बर्फात! हातात काळी फाइल. आत आला, माझं पूर्ण नाव विचारलं, हुद्दा विचारला, फोन नंबर घेतला, घड्याळात बघून वेळसुद्धा टिपून घेतली. विचारतो, इथे काम मागायला लोक येतात का? म्हटलं, येतो ना, आमचा लेस्टर दर आठवड्याला येतो. तुझी चांगली बाजू मांडली मी."

"रूडी, तू माझा गळा कापलास."

"मी? मी तर तुझी स्तुती केली!"

लेस्टर जवळजवळ धावतच घरी आला आणि बैठकीच्या खोलीतल्या पडद्याआड जाऊन उभा राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं होतं. अर्ध्या तासाने काळा कोट रस्त्यात दिसला. तो थेट डोरीनच्या सलूनपाशी गेला, कुलूप हलवून पाहिलं, काचेला नाक लावून आत डोकावला आणि फाइलीत काहीतरी लिहू लागला. मध्येच त्याने वळून लेस्टरच्या खिडकीकडे पाहिलं. लेस्टर पडद्यासकट खाली बसला. पडद्याचा दांडा डोक्यावर आला.

बर्नी पिठाचे हात घेऊन धावत आली. "हे काय चाललंय?"

आता सांगण्याशिवाय इलाज नव्हता. त्याने सगळं सांगितलं. बर्नीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जगात एवढी दुकानं, आणि तुला बंद असलेलंच सापडलं?"

"समोर दिसलं म्हणून लिहिलं!"

"मग आता डोरीनला फोन कर. शनिवारी तू काम मागितलंस आणि तिने नाही म्हटलं, एवढं तिने सांगितलं की मिटलं."

लेस्टरने फोन लावला. तिकडून आधी पोहण्याच्या तलावाचा चुबकचुबक आवाज आला, मग डोरीनचा.

"डोरीन, मी शनिवारी तुझ्याकडे काम मागितलं होतं."

"कधी?"

"म्हणजे मनातल्या मनात. आणि तू नाही म्हणालीस."

"मी कशाला नाही म्हणेन?" डोरीन म्हणाली. "माझ्या छपरावर किती बर्फ साठलाय, ठाऊक आहे? मला रात्र रात्र झोप नाही. नळ फुटले तर वसंतात पोहायचा तलाव सलूनमध्येच होईल. मला माणूस हवाच होता."

"अगं, पण तू फक्त नाही म्हटलंयस एवढं सांग ना."

"हे बघ लेस्टर, एकदा माझ्या करांची तपासणी झाली होती. तेव्हापासून मी सरकारशी खोटं बोलत नाही. कुणी विचारलं तर मी खरं ते सांगेन: लेस्टरने काम मागितलं, मी दिलं. छप्पर साफ कर, हीटर चालू ठेव. तासाचे पैसे देईन. किल्ली दाराजवळच्या कुंडीखाली आहे. आता मी पाण्यात चाललेय."

फोन बंद झाला. लेस्टर बायकोकडे वळला. "मिळालेलं काम नाकारलं तर?"

"तर भत्ता बंद," बर्नी म्हणाली. "नियम तूच मला वाचून दाखवला होतास. ऊठ, फावडं घे."

बुधवारी सकाळी लेस्टर सलूनच्या छपरावर चढला. बर्फ खाली ढकलला, उतरला, कुंडीखालची किल्ली काढून आत गेला. आत चेहरा बधिर होईल अशी थंडी. हीटरचं बटण दाराशेजारी होतं. त्याने ते दाबलं. हीटर घरघरला, आणि त्याच क्षणी काचेवरच्या दिव्यांत लाल अक्षरं झळकली: ‘या, उघडं आहे.’ हीटर आणि पाटी एकाच बटणावर होती. डोरीनने काटकसर म्हणून तसं करून घेतलं होतं.

तो बटण बंद करणार एवढ्यात दार उघडलं आणि आहोलाबाई आत आल्या. बाई ऐंशीच्या. दुपारी चर्चमध्ये त्यांच्याच वाढदिवसाचं जेवण होतं.

"देव पावला!" कोट काढत त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरपासून केसांना कुणाचा हात नाही. डोरीन कुठाय?"

"आहोलाबाई, सलून बंद—" लेस्टर म्हणाला आणि थांबला. काचेपलीकडे रस्त्यात काळा कोट उभा होता आणि पाटीकडे टक लावून बघत होता. बंद आहे म्हणावं, तर खोटं याच्यासमोरच उघडं पडणार. "बंद कसं असेल? बसा ना."

"केस कापायचे नाहीत हं. धुवायचे आणि जरा बांधायचे."

कापायचे नाहीत हे ऐकून लेस्टरने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. कापायला परवाना लागतो आणि त्याच्याकडे परवाना होता तो फक्त मासे पकडायचा. त्याने केस धुतले. डेकच्या फळ्या घासायची सवय असल्यामुळे हात जरा जड पडला, पण आहोलाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि "अगदी माझ्या आईसारखे" म्हणाल्या. पुसून झाल्यावर प्रश्न आला बांधण्याचा. लेस्टरला जन्मभर एकच गोष्ट बांधता येत होती, बोटीचा दोर. त्याने चार पदर घेतले आणि दोर वळतात तशी घट्ट, चौपदरी वेणी घालायला घेतली. तेवढ्यात दार पुन्हा वाजलं.

काळा कोट आत आला. बूट झटकले. फाइल उघडली.

"इथले मॅनेजर आपणच का?"

लेस्टरच्या हातात तीन पदर होते, चौथा दातात. तो बाहेर काढताच आतलं सगळंच बाहेर आलं. "लिहून घ्या साहेब! शनिवारी मी इथे आलोच नव्हतो. वादळ होतं. डोरीन अॅरिझोनात आहे. मी खोटं लिहिलं. पण आता खरंच कामाला आहे, छप्पर बघा, एक कण बर्फ नाही! माझा भत्ता थांबवा, पण मला ड्वेनच्या तळघरात पाठवू नका!"

माणूस एक पाऊल मागे सरकला. "ड्वेन कोण?"

"माझा मेहुणा."

"आणि आपण मला हे का सांगताय?"

"तुम्ही तपासनीस ना?"

माणूस शॅम्पूच्या खुर्चीवर मटकन बसला. "तपासनीस आपण नाही का?" तो म्हणाला. "कालपासून पडद्याआडून माझ्यावर पाळत ठेवताय. मी वळून पाहिलं तर चक्क खाली बसलात. मला वाटलं, आता संपलं. आज पाटी दिसली म्हणून आत आलो, तर इथेही आपणच."

"मी? मी डेकवरचा माणूस!"

"मी प्रेंटिस," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात इथे राहायला आलो. मावशीचं घर मिळालंय. नोकरी नोव्हेंबरात गेली." मग जरा घुटमळून म्हणाला, "मी भत्ता कार्यालयातच होतो. लोकांनी कुठे कुठे काम मागितलं, ते खरं की खोटं, हे तपासायचं माझं काम. खर्च कमी करायचा म्हणून सगळ्यात आधी आमचीच शाखा कमी केली."

"म्हणून नाव, हुद्दा, वेळ, सगळं लिहून घेत होतात!"

"खोटं कसं पकडतात ते मला ठाऊक आहे ना. म्हणून मी सगळं पक्कं करतो. फक्त..." प्रेंटिसने फाइल मिटली. "शनिवारी माझं तिसरं ठिकाण राहिलं होतं. वादळ होतं. मावशीच्या खिडकीतूनही हे सलून दिसतं."

लेस्टरच्या हातातली वेणी सुटली. "तुम्हीही डोरीनचं सलूनच लिहिलंत?"

"‘मॅनेजरशी बोललो. उत्तर: नाही.’ काल येऊन बघतो तर कुलूप. तेव्हापासून मी मॅनेजर शोधतोय." त्याचा आवाज अगदी काकुळतीला आला. "साहेब, उशिरा का होईना, तेवढं ‘नाही’ म्हणा. मी लगेच जातो."

लेस्टरला त्या माणसाची खरोखर दया आली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात वेणी धरून बसलेल्या आहोलाबाई कडाडल्या. "नाही कसं म्हणता? मी मघाशी तिघी मैत्रिणींना फोन केलाय, त्या निघाल्यासुद्धा. टॉवेल कोण धुणार? काम आहे की! मी वाढदिवसाच्या दिवशी खोटी साक्ष देणार नाही, सांगून ठेवते."

डोरीनला पुन्हा फोन लागला. पुन्हा चुबकचुबक. "चौघी?" ती ओरडली. "मग ठेव त्याला! टॉवेल आणि फरशी."

प्रेंटिसचा चेहरा पडला. काम नाकारल्यावर काय होतं हे त्या गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने मुकाट्याने काळा कोट काढला आणि खुंटीवरचा गुलाबी एप्रन बांधला.

दुपारी बर्नी रस्ता ओलांडून धावत आली. "आले पैसे! बँकेत फोन केला मी. सोमवारी सुटी होती, राष्ट्राध्यक्ष दिनाची. सगळ्यांचेच एक दिवस उशिरा आले."

लेस्टर प्रेंटिसकडे वळला.

"तुम्ही तर कार्यालयातले," लेस्टर म्हणाला. "तुम्हाला सुटी आठवू नये?"

"नोकरीत होतो तेव्हा पंधरा दिवस आधीपासून आठवायची," प्रेंटिस म्हणाला. "आता सोमवार काय आणि रविवार काय."

शनिवारच्या खोट्याचं ओझं मात्र दोघांनाही झेपेना. "आपण होऊन कळवलं तर सहसा ताकीद देऊन सोडतात," प्रेंटिस म्हणाला, आणि दोघं बर्नीच्या स्वयंपाकघरात वेलचीचा पाव खात दुरुस्ती लिहायला बसले. पाठवायची वेळ आली तेव्हा लेस्टर म्हणाला, आधी तुम्ही. प्रेंटिस म्हणाला, छे, आधी तुम्ही. कॉफी गार झाली तरी कुणी पुढे होईना. शेवटी बर्नीने दोघांची बोटं धरून एकदमच बटणं दाबली. ताकीद आली, दोघांना आली, अक्षरन् अक्षर सारखी. सलूनच्या कमाईपुरता भत्ताही कापला गेला, पण गॅसची टाकी भरली आणि ड्वेनचं तळघर रिकामंच राहिलं.

चौपदरी वेणी त्या हिवाळ्यात गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी घातली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. आता केटल बेमधले बेकार शनिवारी काम मागायला निघाले, की सलूनच्या जरा अलीकडेच रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात. मान खाली, पावलं भराभर. रूडीचा भाऊ तर सलूनच्या काचेकडे बघतसुद्धा नाही. तिथे म्हणे हो म्हणतात.