साग्बो आणि दुसरा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे साग्बो रोज सकाळी दोन कप कॉफी करतात. एक बिनसाखरेची, एक तीन चमचे साखर घातलेली. खिडकीपाशी टेबल, टेबलाला दोन खुर्च्या, दोन खुर्च्यांपुढे दोन कप. मग ते दोन्ही कप स्वतःच पितात. आधी कडू, नंतर गोड. त्यांना मधुमेह आहे. आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, त्यावरून त्यांना दर वेळी झापतो आणि ते दर वेळी शांतपणे सांगतात, "डॉक्टर, मी साखर कधीच सोडली. साखर झिन्सू खातो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, कारण त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचं काम हल्ली माझ्याकडे असतं. ते कसं आलं हे मला सांगता येणार नाही. साग्बोंच्या बाबतीत कामं अशीच येतात. ते जिन्यात भेटतात, "बूरफ्राउ," म्हणतात, म्हणजे शेजारीणबाई, आणि पुढचं सगळं आपण ठरवलंय असं आपल्याला वाटायला लागतं.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन रॉटरडॅमला आले तेव्हा माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं लिहिलं होतं आणि पहिलं वर्षभर मी खरोखरच सगळ्यांवर अवलंबून होते. नवऱ्यावर, फोनमधल्या नकाशावर, ट्रामच्या ड्रायव्हरवर. आता बंदरातल्या एका कंपनीत कंटेनरांचे कस्टम्सचे कागद बघते. पण त्या पहिल्या वर्षात दिवसाउजेडी माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे साग्बो. सत्तरीचे, ताडमाड उंच, गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा कोट. हसणं नाही. बोलणं नेहमी अनेकवचनी. "आम्ही बाजारात चाललोय." "आम्हाला आज झोप लागली नाही." "आम्हाला या देशातला टोमॅटो पटत नाही."

मी आणि मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, असा निष्कर्ष काढला की आत पत्नी असणार आणि त्या अंथरुणाला खिळलेल्या असणार. मी दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाली पाठवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्या लख्ख घासून परत आल्या. "फार चांगली होती," साग्बो म्हणाले. "एकाला आवडली. दुसऱ्याला तिखट लागली."

मी विचारलं, "बाईंची तब्येत कशी आहे?"

"कुठल्या बाई?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. झिन्सू हा त्यांचा जुळा भाऊ. सातव्या वर्षी तापानं गेला. साग्बोंचं गाव पश्चिम आफ्रिकेत, बेनिन देशात, समुद्राकाठी, विदा नावाचं. तिथल्या वोदुन धर्मात जुळी मुलं म्हणजे साधीसुधी मुलं नव्हेत, त्यांचा मान देवासारखा. त्यातलं एक गेलं, तर त्याची बोटभर लाकडी मूर्ती करून घेतात. तिला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, कुठे जाताना बरोबर न्यायचं. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही. दुसरा रुसतो. साग्बोंचा झिन्सू कोटाच्या वरच्या खिशात असतो, डोकं बाहेर काढून. "त्यालाही रॉटरडॅम दिसलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मेट्रो बोगद्यात शिरली की ते त्याला खिशात ढकलतात. अंधारात बघण्यासारखं काही नसतं.

मंदार पुण्याचा असल्यामुळे त्यानं आधी संशय घेतला. "वोदुन म्हणजे ते बाहुलीला पिना टोचतात तेच ना?" त्यानं साग्बोंना सरळच विचारलं.

"पिना?" साग्बो म्हणाले. "पिना आम्ही फोटो वाळत घालायला वापरतो."

मला हसायला आलं, पण ते जास्त दिवस टिकलं नाही. एका शुक्रवारी ते काहीतरी द्यायला वर आले, तेव्हा मी देवपूजा करत होते. साताऱ्याहून मी माझा देव्हारा हँडबॅगेत घालून आणलाय. बाळकृष्ण आणि घरातल्या पूर्वजांचे चांदीचे टाक. साग्बो मागे हात बांधून उभे राहिले आणि मी त्या सगळ्या मंडळींना आंघोळ घालून, पुसून, जागेवर बसवेपर्यंत बघत राहिले. मी वाटीत खडीसाखर ठेवली.

"हे साखर खातात?"

"हो. म्हणजे नैवेद्य दाखवतो."

"आणि मग ती साखर कोण खातं?"

"आम्हीच खातो."

"हे," साग्बो म्हणाले, "तुम्ही कृपा करून डॉक्टरांना सांगा."

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाते. बहुतेक.

साग्बो फोटोग्राफर आहेत. पूर्वी ते एका लॅबमध्ये लोकांच्या सुट्टीचे रोल धुवायचे. फोनमध्ये कॅमेरे आले आणि लॅब बंद झाली, तेव्हा त्यांनी लॅब घरी आणली. त्यांच्या न्हाणीघरात लाल दिवा आहे आणि शॉवरखाली ट्रे आहेत. आंघोळ करायला ते कुठे जातात हे मी विचारलेलं नाही. कॅमेरा चौकोनी डब्यासारखा, वरून डोकावून बघायचा, पुढे एकावर एक दोन भिंगं. "एक बघतं, दुसरं लक्षात ठेवतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते कॅमेऱ्याबद्दल म्हणतात, की दुसऱ्या कशाबद्दल, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

त्यांच्या फ्रिजमध्ये अंडी ठेवायच्या जागी रोल असतात. ते गावी गेले की हे रोल विदाच्या किनाऱ्यावर नुसत्या समुद्रावर खर्च करतात. त्याच किनाऱ्यावरून एके काळी माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरून नेली. मग रोल न धुता इकडे आणायचे, पुन्हा कॅमेऱ्यात घालायचे आणि त्याच फिल्मवर इथल्या माणसांचे फोटो काढायचे. कोपऱ्यावरच्या सुरीनामी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, बाईंचा असा एक फोटो आहे. त्यांच्या खापरपणज्यांच्याही आधीचं कुणीतरी त्या किनाऱ्यावरून गेलं होतं. फोटोत त्या ट्राम स्टॉपवर पिशवी घेऊन उभ्या आहेत आणि विदाची लाट त्यांच्या खांद्यावरून पलीकडे चालली आहे. बाईंनी तो फोटो पाहिला आणि त्या बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. मलाही मोह झाला. म्हटलं, माझाही काढा ना असा एक.

"तुम्ही विमानानं आलात," साग्बो म्हणाले. "तुम्हाला समुद्र मिळणार नाही."

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेनं नजर उतरत चालली आहे आणि आता ती परत वर चढणार नाही. साग्बोंनी ट्राममध्ये खिशातल्या झिन्सूकडे एकदा रागानं बघितलं. त्या दिवसापासून कॉफीतली साखर तीन चमच्यांवरून एकावर आली. "दुसऱ्याशी बोलणं झालंय," एवढंच मला सांगण्यात आलं.

मग त्यांनी मला खाली बोलावलं आणि भिंतीवरचा एक फोटो दाखवला. दोन मुलगे शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलेले. पण मुलगा खरा एकच. झिन्सू गेल्यावर आई साग्बोंना स्टुडिओत घेऊन गेली होती. तशी पद्धतच होती. भिंगाच्या एका अर्ध्यावर टोपण लावून मुलाला डावीकडे बसवायचं. मग टोपण फिरवायचं, त्याच मुलाला भावाचा शर्ट घालून उजवीकडे बसवायचं आणि रोल न फिरवता त्याच फिल्मवर पुन्हा खटका दाबायचा. फोटोत दोघं.

"मी म्हातारा झालो," साग्बो म्हणाले. "आणि हा अजून सात वर्षांचा. हे काही बरोबर नाही. मला दिसतंय तोवर नवा फोटो काढायचाय, आणि तो मीच धुणार. खटका तेवढा तुम्ही दाबायचा."

आयुष्यात त्यांनी कॅमेऱ्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मला एकदम परीक्षेला बसवल्यासारखं झालं.

तयारीला बरेच दिवस गेले, कारण सात वर्षांचं पोर सत्तरीत काय कपडे घालेल हा प्रश्न होता. साग्बोंची उत्तरं तयार होती. झिन्सू जाडा झाला असता. दोन लग्नं केली असती. कपड्यांचा शौकीन असता. त्याच्यासाठी बाजारातून हळदीपिवळा कोट आणि पीस खोचलेली हॅट आणली गेली. "मला अजिबात आवडलेला नाही," साग्बो कोटाकडे बघत म्हणाले. "पण त्याच्यापुढे कोण बोलणार?"

ठरल्या सकाळी खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या. त्यांनी टोपण लावलं, खटका ओढून ठेवला, डावीकडे करड्या कोटात ताठ बसले. मी खटका दाबला. ते कपडे बदलायला आत गेले. मी भिंतीवरच्या त्या दोन पोरांकडे बघत उभी होते. माझे बाबा गावातल्या लग्नांत हौसेनं फोटो काढायचे आणि रोल फिरवायचं काम माझं असायचं. "फोटो झाला की आधी फिरव," असं त्यांनी माझ्या बोटांत भरवून ठेवलेलं. मी त्या पोरांकडे बघत असताना बोटांनी आपलं काम उरकून टाकलं. माझ्या लक्षातही आलं नाही.

दार उघडलं आणि बाहेर आला तो माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. पिवळा कोट, तिरकी हॅट, डोलत चालणं, तोंडभर हसू.

"काय बूरफ्राउ!" तो म्हणाला. "माझा भाऊ फार छळतो का हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "थोडासा."

"मनानं चांगला आहे. पण एकटा पडला की असा होतो." त्यानं टोपण फिरवलं, खटका ओढला, उजव्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसला आणि असा खळखळून हसला की मीही हसले आणि हसता हसताच खटका दाबला.

दोन दिवसांनी साग्बोंनी मला खाली बोलावलं. दोरीवर, पिना लावून, एक नाही, दोन फोटो वाळत होते. एकात डावीकडे साग्बो आणि उजवीकडे काळोख. दुसऱ्यात उजवीकडे झिन्सू, डावीकडे काळोख. मला एका क्षणात सगळं कळलं. मधे मीच रोल फिरवला होता.

"पुन्हा काढू," मी म्हटलं. "आज, आत्ता काढू."

साग्बो झिन्सूच्या फोटोला नाक लागेल इतक्या जवळून बघत होते. त्याहून लांबून त्यांना आता दिसत नाही.

"नको," ते म्हणाले. "जिवंत होता तेव्हा त्याचा फोटो काढायला कुणाला सुचलं नाही. मेल्यावर काढला तो माझ्याशेजारी. त्याचा एकट्याचा असा हा पहिलाच." मग म्हणाले, "आमच्याकडे साग्बो नाव सांगितलं की माणसं लगेच विचारतात, दुसरा कुठाय? ते जुळ्याचंच नाव असतं. या देशात आल्यापासून मला हे कुणीही विचारलेलं नाही."

त्यांनी झिन्सूचा फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला, उजेड येईल असा. आणि स्वतःचा काढून माझ्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे असू द्या," ते म्हणाले. "याला एकटं राहायची सवय नाही."

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. देव्हाऱ्याजवळ नाही, जिवंत माणसाचा फोटो तिथे ठेवत नाहीत. पुस्तकांच्या फळीवर आहे, वर्दळ असते तिथे. गणपतीला मराठी मंडळाची माणसं घरी येतात, झूटरमेरहून, द हेगहून, आणि मोदक खाता खाता कुणीतरी विचारतंच, हे कोण आजोबा? अर्धा फोटो काळा का? मी म्हणते, हे साग्बो. आणि जरा थांबते. पुढचं कुणीच विचारत नाही. मग मी आपणहूनच सांगते, "दुसरा खाली राहतो."