आठशे वीस अश्वशक्ती

"चढ? कुठला चढ?" उस्ताद ट्रकच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले. "आई, तुम्ही फक्त डोळे मिटा. उघडाल तेव्हा आपण डोंगरावर!"

आई म्हणजे उस्तादांच्या सासूबाई. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आज त्यांचं अख्खं बिऱ्हाड डोंगरावरच्या नव्या घरी चाललं होतं आणि ते आपल्याच ट्रकमधून न्यावं, म्हणून उस्तादांनी बायकोमार्फत महिनाभर वशिला लावला होता. कारण एकच. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी सासूबाईंच्या तोंडून त्यांच्यासाठी 'जावई' हा शब्द एकदाही निघाला नव्हता! थोरला बँकेत, म्हणून तो 'आमचे जावई'. हे मात्र 'ट्रकवाले'. 'ट्रकवाल्यांना चहा द्या.' 'ट्रकवाल्यांचा फोन आहे.' स्वतःच्या लग्नाच्या फोटोखालीसुद्धा अल्बममध्ये 'धाकटी आणि ट्रकवाले' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

तेव्हा आजचा चढ दणक्यात चढायचा आणि तो शब्द मिळवायचाच, असा उस्तादांचा पक्का बेत होता. त्यासाठी आदल्या दिवशी मेकॅनिककडून डिझेलचा पंप वाढवून घेतला होता. इंजिनाला डिझेल जास्त, गाडीला जोर जास्त! मेकॅनिकनं डॅशबोर्डवर एक नवा मीटरही बसवला.

"याच्या काट्यावर लक्ष ठेवा हं, उस्ताद," तो म्हणाला. "पंप वाढवलाय, त्यामुळे चढावर हा..."

"अरे, वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय! मला काटे शिकवतोस?" म्हणत उस्तादांनी गाडी काढली. मेकॅनिकचं उरलेलं वाक्य धुरात उभं राहिलं.

उस्तादांचा हिशेब सरळ होता. पंप वाढवल्यावर मीटर बसवला, म्हणजे मीटर वाढलेली ताकदच दाखवणार. न्हावी केस कापून झाले की आरसा दाखवतो, तसं!

सासूबाई मांडीवर सामानाची वही घेऊन केबिनमध्ये बसल्या. प्रत्येक खोक्याला नंबर होता. फक्त घाईत त्यांचा चष्माच सात नंबरच्या खोक्यात गेला होता, त्यामुळे मोठं तेवढं दिसत होतं आणि बारीक ते सगळं मुंग्या.

"हा काटा कसला?" त्यांनी विचारलं.

"गाडीच्या ताकदीचा, आई! चढावर कसा वर जातो बघा."

"चारशे पन्नास," सासूबाईंनी वाचलं. मग भुवया उंचावल्या. "चारशे पन्नास काय? बटाटे?"

या प्रश्नानं मुलांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली होती. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही, की बाई भोपळा द्यायच्या! पण उस्ताद डगमगतात होय?

"अश्वशक्ती!" त्यांनी ठणकावून सांगितलं.

"शाबास," सासूबाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

बारा वर्षांतलं पहिलं शाबास! उस्तादांचा पाय आपोआप खाली गेला.

"सहाशे अश्वशक्ती!"

"ही तर सुरुवात आहे, आई!"

"मागे धूर फार काळा दिसतोय."

"जोर लावल्यावर माणूसही काळवंडतो!"

पुढच्या वळणावर एरवी ते गियर उतरवत. आज सासूबाईंच्या देखत उतरवायचा म्हणजे कमीपणा! त्यांनी त्याच गियरमध्ये पाय दाबून धरला. इंजिन कण्हायला लागलं. काटा सातशेच्या पुढे सरकला.

"इथून पुढे लाल पट्टा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"ती गुणवत्ता यादी!"

आता सासूबाईंनाही चेव आला. त्या पुढे सरकून बसल्या आणि निकाल जाहीर करावा तसे आकडे पुकारू लागल्या. "सातशे साठ! आठशे! अजून थोडं! आठशे वीस! वा, जा..."

उस्तादांनी श्वास रोखला. येतोय, शब्द येतोय!

तेवढ्यात इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची शिट्टी किंचाळी झाली, पुढे काहीतरी खळ्ळकन फुटलं आणि गाडीतलं बळच गेलं. उस्तादांनी ट्रक कसाबसा कडेला घेतला, चाकांखाली दगड लावले आणि बॉनेट उघडलं. टर्बोचा पाइप लालबुंद झाला होता. 'जा'च्या पुढचं त्या धुरात गेलं. उस्तादांना रडूच यायचं बाकी होतं.

तासाभरानं मेकॅनिक मोटारसायकलवरून आला आणि इकडेतिकडे न बघता थेट इंजिनात डोकं घातलं.

"टर्बोची पाती गेली! मॅनिफोल्ड तडकला! पिस्टन शाबूत निघाले तर नशीब. कुठल्या गाढवानं चालवला हा?"

"गाढव कुणाला म्हणतोस?" मागून आवाज कडाडला. "जावई आहे माझा!"

मेकॅनिकचं डोकं बॉनेटवर आपटलं. उस्तादांचे डोळे भरून आले. गेलं इंजिन तर जाऊ दे!

"बा... बाई?" मेकॅनिकनं तेलकट हातांची घडी घातली.

"शेवटच्या बाकावरचा ना तू? एकक न लिहिणारा? हे बघ. दर किलोमीटरची नोंद आहे. आठशे वीस अश्वशक्तीपर्यंत नेला आम्ही!"

मेकॅनिकनं वही वाचली, मग पुन्हा वाचली. पंचवीस वर्षांपूर्वीचे भोपळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असणार, कारण त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बाई," तो अगदी अदबीनं म्हणाला, "एकक चुकलंय."

सासूबाई तडक ट्रकच्या मागे गेल्या. सात नंबरचं खोकं उतरवायला लावलं, चष्मा काढला, पुसला, केबिनमध्ये चढल्या आणि काट्याखालची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली.

"एक्झॉस्टचं तापमान. अंश सेल्सिअस."

"तेच काल सांगत होतो," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनातून निघणारा धूर सातशेपर्यंत तापला की पाय काढायचा आणि गियर उतरवायचा. नाहीतर इंजिन भाजून निघतं."

सासूबाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. पानभर आकड्यांवर एक तिरकी रेघ ओढली आणि खाली भला मोठा भोपळा काढला.

"न वाचता लिहिलं, ही माझी चूक. न ऐकता सांगितलं, ही तुमची. 'काटा लाल पट्ट्यात गेला की पाय काढावा.' शंभर वेळा लिहायचं. पन्नास मी, पन्नास तुम्ही. बसा, जावईबापू."

उस्ताद सात नंबरच्या खोक्यावर बसून लिहू लागले. एवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, कुठवर पोचलात?"

उस्तादांनी वहीत बघितलं. "बत्तिसाव्या ओळीपर्यंत."