फाटकापर्यंत गेलेलं कपाट

बाळांनो, डोळे मिटा आणि एक लोखंडी कपाट समोर आणा. राखाडी रंगाचं, तुमच्या दुप्पट उंच आणि स्वभावाने जरा आगाऊ. दार नुसतं लोटलं तरी त्याला कुलूप लागायचं. दिसलं? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

हे कपाट एका सरकारी शाळेच्या ऑफिसात होतं. त्या शाळेला सोमवारी वरून हुकूम आला. मुलं, शिक्षक, शाळेत येणारं कुणीही, धर्माची खूण अंगावर घेऊन आत यायचं नाही. मुलं एकमेकांच्या गळ्यातल्या नि डोक्यावरच्या गोष्टींवरून भांडतात, हे मोठ्या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांना हुकूम पटलाही. त्यांनी सगळ्यांना एकच बजावलं, "नियम सगळ्यांना सारखा. कुणाला सूट नाही."

मंगळवारी सकाळी शिपाईकाका फाटकावर टोपली घेऊन उभे राहिले. वस्तू काढायची, तिला नावाची चिठ्ठी लावायची, टोपलीत टाकायची. टोपली कपाटात जाणार आणि साडेतीनला शाळा सुटली की ज्याचं त्याला परत.

सगळ्यांनी मुकाट्याने काढून दिलं. अडली ती चौथीतली पणताई. हिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून हे नाव. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चपटी चांदीची डबी होती.

"पण ही माझी नाही, आजीची आहे," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी नर्सनं काढायला लावली. आज चारला आजीला दवाखान्यातून सोडणार. ती म्हणालीय, डबी गळ्यात पडल्याशिवाय मी पायरी उतरणार नाही. आणि माझी आजी म्हणाली की म्हणाली."

मोठ्या बाई स्वतः तिला ऑफिसात घेऊन आल्या. "साडेतीनला तुझ्या हातात देईन. माझा शब्द."

पणताईने डबी काढून टोपलीत ठेवली. मग बाईंच्या हाताकडे पाहिलं.

"पण बाई, नियम सगळ्यांना ना?"

"सगळ्यांना."

"मग तुमच्या किल्ल्यांना ते काय लटकलंय?"

बाईंनी पाहिलं. जुडग्याला देवाचं इवलंसं चित्र होतं. "आईने नोकरीच्या पहिल्या दिवशी अडकवून दिलेलं," त्या पुटपुटल्या. इतकी वर्षं ते हातात होतं, त्यामुळे दिसेनासंच झालं होतं. चित्र सोडवायला गेल्या तर कडी गंजलेली. शिपाईकाका आणि कारकून दोघेही पाहत होते. बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी अख्खं जुडगं टोपलीत टाकलं, टोपली कपाटात सारली आणि दार लोटलं.

खट्.

"बाई," कारकून हळूच म्हणाला, "कपाटाची किल्ली?"

"जुडग्यात." बाईंनी दार ओढून पाहिलं. "दुसरी तुमच्याकडे आहे ना?"

"आहे की. हरवू नये म्हणून कपाटातच ठेवलीय."

दुपारपर्यंत शाळेतली प्रत्येक किल्ली त्या कुलपात फिरून आली. हेअरपिना वाकल्या, कंपासपेटीतली कर्कटकं बोथट झाली. पणताई मधल्या सुट्टीत डबा घेऊन कपाटासमोर फतकल मारून बसली, ती उठेना.

"अगं, वर्गात जा."

"पण तुम्ही शब्द दिलाय. मी इथेच बसते."

तीन वाजता किल्लीवाला आला. त्याच्या डोक्यावर त्याच्या धर्मातले लोक घालतात तशी टोपी होती. शिपाईकाकांनी फाटक लावून घेतलं.

"टोपी काढा."

"नाही काढत. कुलूप डोक्यानं उघडतो, टोपीनं नाही. पण टोपी डोक्यावरच राहणार."

"मग आत येता येणार नाही. हुकूम आहे."

"मग कुलूपही उघडणार नाही. मी जातो."

मोठ्या बाई धावत आल्या. नियम मोडायचा की शब्द? दोन्ही त्यांचेच. मागून पणताई आलीच होती.

"पण बाई, हुकूम आत येणाऱ्यांना आहे ना? यांना आत नका येऊ देऊ. आपण कपाट बाहेर नेऊ."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "खेळाच्या सरांना बोलवा. आणि रस्सीखेचीचा दोर."

मग जे झालं ते त्या शाळेत आजही सांगतात. कपाटाखाली झाडूचे दांडे सरकवले, दोर बांधला आणि सगळी शाळा एकाच टोकाला लागली. कालपर्यंत ज्यांची टोपी आणि दोऱ्यावरून जुंपत होती, ती दोघं पुढे होती आणि "तुझा पाय काढ ना मधून" यावरून भांडत होती. कपाट कुरकुरत, डुलत, अंगणातून फाटकाला येऊन टेकलं. किल्लीवाल्याने गजांमधून दोन्ही हात आत घातले.

"हातांवर काही खूण दिसते का? नीट बघून घ्या," तो शिपाईकाकांना म्हणाला.

शिपाईकाकांनी खरंच बघून घेतलं.

चारला दहा मिनिटं कमी असताना कुलूप उघडलं. हातच हात टोपलीत घुसले. ज्याचं त्याला मिळालं, किल्लीवाला सायकलवर बसून दिसेनासा झाला, फाटक उघडलं आणि मुलं पांगली. बाईंनी घाम पुसला. "उद्या पुन्हा इथेच. फक्त किल्ल्या..."

शिपाईकाका नीटनेटके गृहस्थ. उघडं दार त्यांना बघवत नसे. त्यांनी ते लोटलं.

खट्.

बाईंनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. कारकुनाने कपाटाकडे. "दुसरीही आतच आहे," तो म्हणाला.

आता सांगा, पणताई तेव्हा कुठे असेल? दवाखाना पलीकडच्याच गल्लीत. चार वाजायला पाच मिनिटं. ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती. तिथे थबकली, वळली आणि तशीच पळत परत आली. एका मुठीत आजीची डबी होती. दुसरी मूठ तिने बाईंसमोर उघडली. चित्रासकट अख्खं जुडगं.

"पण हे द्यायचं विसरलेच," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या आईचं आहे ना, म्हणून आधी तुमचं काढलं, मग माझं."

आणि बाई काही म्हणायच्या आत ती दवाखान्याकडे धूम पळाली.