अर्ध्यावर तुटणारी फाईल

बिरूभाऊंना अर्धवट काही चालत नाही. लग्नपत्रिका आली तर ते छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात. मलकापुरात ते आमच्या शेजारी नवे राहायला आले तेव्हा मी त्यांच्याकडे अर्धा कप चहा ठेवून उठले, तर दारात आडवे उभे राहिले. "वहिनी, तळ दिसू द्या." चहा गार होता, आणि मुळातच वाईट होता. मी मुकाट्यानं संपवला.

पुण्यातली चांगली नोकरी सोडून हा माणूस घरी बसून कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, डिस्कवरची फाईल वाचून आणणारा, असं त्यांनी मला अनेकदा समजावलं. कॉलनीनं एवढंच ओळखलं की हे कॉम्प्युटरवाले. मग कुणी प्रिंटर आणायचं, कुणी मोबाईल. आमच्या ह्यांनी तर मिक्सर नेला. "ह्यातलं मला काय कळत न्हाई," म्हणत भाऊंनी तो शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलला. तो पुन्हा चालला नाही.

गेलं वर्षभर मात्र ते एकाच चुकीच्या मागे होते. भाऊंचे वडील, आबा, वडूजकडे मेंढरं राखायचे आणि बिरोबाच्या ओव्या गायचे. कॉलेजात असताना एका सुट्टीत भाऊंनी त्यांची एक ओवी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली आणि ऐकायची राहून गेली. आबा गेल्यावर जुनी डिस्क काढून लावली, तर बिरोबा रानात एकटा उभा असतानाच ओवी तुटायची. त्यांच्यात रिवाज असा की ओवी एकदा उचलली की पुरी करायची आणि मग भंडारा उधळायचा. मध्ये सोडायची नाही.

फाईल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असते. त्या जुन्या पद्धतीची डिस्क वाचताना कर्नल शेवटचा तुकडा पुरता भरलेला नसेल, तर तो नाहीच असं धरायचा. "आबांची ओवी ह्यानं अर्धी ठेवली," असं भाऊ रागानं म्हणायचे, भाऊबंदकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं. जगभरातून कर्नल सांभाळणाऱ्यांकडे त्यांनी दुरुस्ती पाठवली तेव्हा त्यांच्यातल्या परदेशातल्या कुणीतरी विचारलं, डिस्कची ही जुनी पद्धत आता वापरतं कोण, काढूनच टाकू या. भाऊंनी एका शब्दात उत्तर दिलं: मी. दुरुस्ती परत आली, पुन्हा गेली, आणि अखेर घेतली गेली.

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला आणि ह्यांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, ताटलीत भंडारा काढून ठेवला होता. फाईल लावली. तुटायची ती जागा मागे पडली, आबा पुढे गातच राहिले, आणि भाऊंचा चेहरा असा फुलला की मलाही भरून आलं. थोड्या वेळानं आबा थांबले.

"दमलास का रं? लय लांब हाय ही."

मग भाऊंचाच आवाज, कोवळा. "व्हय आबा. ऱ्हायलेली दिवाळीला करू."

"बरं. कर कवाबी."

आणि फाईल संपली. भाऊंनी ती कुठवर वाचली गेली ते तपासलं. सगळी वाचली गेली होती. मला फार वाईट वाटलं.

"आबा गाणार हुते, वहिनी," ते म्हणाले. "मला मॅच बघायला जायचं हुतं."