करंगळीपुरतं काळं

आमच्या आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले, त्याच आठवड्यात त्यांनी हौसाक्काला बळेच खुर्चीत बसवलं आणि पापण्या ओढून तिचे डोळे तपासले. आक्का गेली होती भावाच्या खोकल्याचं औषध आणायला. डॉक्टरांची नजर तिच्या हातांवर गेली. दहाही नखं काळीठिक्कर.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं.

"बुधवारपासून," आक्का म्हणाली. "त्याआदी जांभळी झाक व्हती. ती काय मनाला पटली नाय."

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आक्काने त्या घेतल्या, कारण त्या फुकट होत्या.

मी डिंगोऱ्याच्या शाळेत शिक्षिका होते तेव्हाची ही गोष्ट, आणि हौसाक्का माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. लग्नानंतर दोनच वर्षांनी तिचा नवरा विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेला. ती माहेरी परत आली आणि थोरल्या भावाकडे, दत्तूभाऊंकडे, कायमची राहिली. दिवसभर ती टोमॅटोच्या वावरात असायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून नखं रंगवायची. गाव तिला येडी म्हणायचं. तोंडावर नाही; पण तिला नीट ऐकू जाईल एवढ्याच अंतरावरून.

जुन्नरच्या बाजारात तेव्हा काळं नेलपॉलिश मिळत नसे. कटलरीच्या दुकानात लाल, गुलाबी आणि एक मोतिया, एवढाच संसार. आक्काने आधी बिनरंगाच्या पॉलिशमध्ये काजळ कालवून पाहिलं. रंग आला तो म्हशीच्या शिंगाचा. मी तसं बोलून दाखवलं. त्यावर तिने दावणीच्या म्हशीकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "तिला काय वाईट दिसतंय का?" पुढे दुकानदाराने पुण्याहून खास तिच्यासाठी काळ्या बाटल्या मागवायला सुरुवात केली. तो तिला दुकानात स्टूल द्यायचा. एवढा मान मला त्या दुकानात कधी मिळाला नाही, आणि मी बिंदीपासून रिबिनीपर्यंत सगळं तिथेच घेत होते.

काळा थर वाळला की खरं काम सुरू व्हायचं. आक्काचं म्हणणं असं, की काळ्यावर काहीही काढा, त्याला उठाव येतो. आणि दुसरं म्हणणं असं, की पार्लरची पायरी चढायची काही गरज नाही. "घरच्या घरी हुतंय की समदं," हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की शाळेतल्या माझ्या मुली निबंधातसुद्धा ते लिहू लागल्या होत्या. खराट्याच्या काडीने पांढरे ठिपके. चिकटपट्टी आडवी लावून अर्धं नख काळं, अर्धं चंदेरी. सेफ्टी पिनच्या टोकाने ओल्या रंगात ओढलेली नागमोडी. लग्नाच्या पत्रिकेवरची चमकी खरवडून ती नखावर पेरायची, त्याला ती 'दिवाळी' म्हणायची. एकदा तिने प्रत्येक नखावर बारीक चंदेरी टिकली चिकटवली. त्यातली एक दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊंच्या भाकरीत निघाली. त्यांनी ती ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि जेवत राहिले. दत्तूभाऊ फार बोलत नसत.

अंगठ्यावर तिने एकदा शिवनेरी काढला. मला तो पालथं घातलेलं घमेलं वाटला.

"बाई, तुमी वडजकडून बघताय," ती म्हणाली. "मी जुन्नरकडून काढलाय."

पण खरी कमाल झाली बिबट्याच्या वर्षी. उसात बिबट्या आला होता, लोक दिवस मावळला की दारं लावून घेत होते. वनखात्याची माणसं देवळात सभा घ्यायला आली. पोरं एकटी सोडू नका, वावरात जाताना मोठ्याने बोला, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? आक्काने हात वर केला. काळ्या नखांवर पिवळे ठिपके होते.

"सायेब, त्याचा ठिपका भरीव असतो का पोकळ?"

वनरक्षकाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि बघून सांगतो म्हणाला. पुढच्या खेपेला तो खरोखर आमच्या गल्लीत आला. दारातूनच म्हणाला, "मावशी, पोकळ." आक्काने रात्रीचा स्वयंपाक वहिनीवर टाकून दहाही नखं पुसली आणि नव्याने काढली. गावात त्या वर्षी बिबट्याची धास्ती न घेतलेली एवढी एकच बाई होती.

दत्तूभाऊंची मुलगी सुरेखा, घरची सुरी, आक्काच्याच कडेवर वाढली. तिची आई कमल वावरात असायची तेव्हा सुरीचं न्हाणं, वेणी, शाळेचा डबा, सगळं आक्काकडे. सुरीचं लग्न घोडेगावच्या मुलाशी ठरलं, आणि नवरीची नखं आपण करायची हे आक्काने मनाशी पक्कं केलं. महिनाभर तिने स्वतःच्या नखांवर तालीम केली. रोज मला परसातल्या कुंपणावरून हात दाखवायची. कोयऱ्या, मोर, कळस. मी सगळ्यांना छान म्हणत होते, कारण मला मोर आणि कोयरी वेगळी ओळखू येत नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती बाटल्या घेऊन सुरीपाशी बसली, आणि कमल आडवी आली.

"आक्का, नवरीला काळं? घोडेगावची मान्सं काय म्हन्तील?"

कमल वाईट बाई नव्हती. तिने बोलून दाखवलं ते एकच कारण होतं. दुसरं सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणीच उच्चारलं नाही: नवरीला या दिवशी सवाष्णीचे हात लागायचे. आक्का "बरं" म्हणाली, बाटल्यांची झाकणं घट्ट लावली आणि आत लसूण सोलायला बसली.

सुरी मात्र पाटावर बसेना. हळद कालवून तयार, बायका मांडवात खोळंबलेल्या, आणि ही दाराला टेकून उभी. "आत्यानं नखं केल्याबिगर मी हळदीला बसायची नाय." रडत नव्हती, ओरडत नव्हती. वडिलांवर गेली होती.

शेवटी भागाआजीने निकाल दिला. भागाआजी भावकीत सगळ्यात थोरल्या, आणि त्यांना भूक लागली होती.

"नवरीला तीट लावत्यात का न्हाई? मग गालाला लावा नायतर करंगळीला लावा. काळं ते काळंच."

"आन् लावायची कुणी?" कमलने हळूच विचारलं.

"तान्ह्या पोराला तीट लावताना सवाष्ण हुडकत बसता का गं? तीट कोन बी लावतं."

अशी आक्काच्या वाट्याला एक करंगळी आली.

तिने हात साबणाने धुतले. सुरीचा हात मांडीवर घेतला. करंगळीचं नख ते केवढं, पण काळं वाळल्यावर खराट्याची काडी दातांनी चावून बारीक करून तिने त्यावर मोगऱ्याची वेल काढली. पानं, कळ्या, आणि अगदी टोकाला एक उमललेलं फूल. मला यावेळी तो मोगरा आहे हे न सांगता कळलं. मग उठली आणि कुणी सांगायच्या आत कोठीच्या खोलीत निघून गेली. बाकीच्या नखांना कमलने लाल लावलं.

तासाभराने घोडेगावची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. सुरीची सासू दांडगी, मोठ्या आवाजाची बाई. सुरीच्या हाताला हळद चोळता चोळता ती करंगळीपाशी थांबली. तिने बोट उचलून उजेडात धरलं. कमलचा चेहरा मला बघवेना. सासूने काहीतरी विचारलं, सुरीने उत्तर दिलं, सासू पुन्हा बोलली, आणि मी तशीच कोठीकडे धावले.

आक्का बुंदीच्या पातेल्याशेजारी कांद्याच्या पोत्यावर बसली होती. मला बघून तिने हात पदराखाली घेतले, पण मी पाहिलं होतं. तिची सगळी नखं उघडी होती. इतक्या वर्षांत मी ती प्रथमच पाहिली. पिवळट पडलेली, टोमॅटोच्या कामाने कडा फुटलेली, अगदी साधी नखं.

"पुसलंस?"

"पावन्यांची नजर गेली असती. उगं सुरीला नावं ठेवली असती."

फळीवर सुरीची लाल बाटली कुणीतरी आणून ठेवली होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी ती उचलली. "आक्का, एका बोटाला लावू? इथे कोण बघतंय?"

तिने मान हलवली. "लाल लावलं का लोक इचारत्यात, कुनासाठी. काळं लावलं का नुसतं येडी म्हनत्यात. येडीला पुढचं कोन काय इचारत नाय, बाई. म्हनून काळं."

एवढं सरळ तिने ते सांगितलं, जसं काही बाजारभाव सांगत होती. मी बाटली खाली ठेवली.

"सासूनं बघितलं का वो नख?" तिने विचारलं. तिचा आवाज एवढा बारीक झालेला मी ऐकला नव्हता. "काय बोलली? मोडलं का काय?"

"काही मोडलं नाही. तिने विचारलं, हे कुणी काढलंय?"

"मग?"

"सुरी म्हणाली, माझ्या आत्यानं."

"कसली आत्या, ते काय बोलली नाय? नवरा नसलेली, घरात ऱ्हाती ती, असं?"

"नाही. नुसतं, माझ्या आत्यानं. सगळ्यांसमोर, मोठ्यांदा." मी तिचा हात पदरातून बाहेर काढला. "आणि सासू म्हणाली, मग बोलवा की त्यांना, माझ्या बी करंगळीला काढू द्या. चल, बोलावतायत तुला."

बाहेरून खरंच हाका येत होत्या. कमलचाही आवाज होता त्यात. आक्का उठली नाही.

"येते. आदी ते सांगा परत," ती म्हणाली.

"काय? सासू म्हणाली ते?"

"न्हाई वो. सुरी काय म्हनली ते."

मी परत सांगितलं.