पहिल्या रांगेतला पोपटी शर्ट

आधी शर्ट दिसायचा, मग रंगाभाऊ दिसायचे. एरवी पांढऱ्या बुशशर्टात वावरणारा हा गृहस्थ नाटकाला निघाला की डोळे दुखतील इतका पोपटी व्हायचा. तेही कुणी नाव ऐकलेलं नाही अशाच नाटकाला. नव्वदच्या दशकात नाशिकला टीव्हीवरचे चेहरे घेऊन एखादं नाटक आलं की आम्ही सकाळपासून तिकिटांच्या रांगेत. रंगाभाऊ तिकडे फिरकायचे नाहीत. म्हणायचे, "तिथं गर्दी हाय. माझं काय काम?"

ते आमच्या कॉलनीत शेवटच्या घरात एकटे राहायचे आणि रोज लासलगावला जायचे, एका व्यापाऱ्यासाठी कांदा पारखायला. जन्म कांद्यात गेल्यामुळे बोलणंही कांद्याचंच. शनिवारी दाराशी हजर.

"वैनी, उद्या दुपारी नाटक हाय."

"कोणतं?"

"नाव ध्यानात नाय."

"कोण आहे त्यात?"

"तुमच्या वळखीचं कुणीच नाय."

"मग कशाला यायचं?"

"अहो, ट्रॉलीतला कांदा मी नुसता बघून बोलतो का? एक उचलायचा, चिरायचा, मग काय ते बोलायचं. तुम्ही न चिरताच ट्रॉली परत धाडताय."

वर हमी द्यायचे. मध्यंतरापर्यंत बसा, नाही पटलं तर रिक्षात बसवून द्यायचं काम माझं.

मी तेव्हा पंचेचाळिशीत होते आणि स्वतःला रसिक समजत होते. रसिक म्हणजे नाटकाला गजरा माळून जाणारी आणि दुसऱ्या दिवशी नटीच्या साड्यांचं परीक्षण करणारी. पहिल्यांदा गेले ती रंगाभाऊंची पिरपीर थांबावी म्हणून. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात आम्ही मोजून अठरा डोकी. सगळे एका कोपऱ्यात चिकटून बसलो, तर रंगाभाऊ धावत आले.

"ढीग करू नका. ढिगात माल सडतो. पसरा, हवा खेळू द्या."

मला सहाव्या रांगेत टाकलं, आमच्या ह्यांना नवव्या. लग्नानंतर आम्ही एवढ्या अंतरावर पहिल्यांदाच बसत होतो आणि ह्यांना ते मानवलेलं दिसत होतं. पडदा उघडला. स्टेजवर एक माणूस घोंगड्यांच्या घड्या घालत होता. बराच वेळ घालत होता. ह्यांना वाटलं, अजून सामान लावताहेत. त्यांनी नवव्या रांगेतून खड्या आवाजात विचारलं, "अगं, गॅस बंद केलास ना?" स्टेजवरचा माणूस अर्धी घडी हातात धरून थांबला. माझं उत्तर ऐकल्यावरच त्याने पुढची घोंगडी उचलली.

असे तीन-चार रविवार गेले. मग देवळ्याच्या शिक्षकांनी बसवलेलं एक नाटक आलं. त्याच्या पहिल्या अंकात काहीच घडलं नाही. घडलंही असेल, पण माझं लक्ष संध्याकाळी टीव्हीवर लागणाऱ्या सिनेमाकडे होतं. मध्यंतर झाल्याबरोबर मी पिशवी उचलली. पिशवीत लेकीसाठी घेतलेली केशरी ओढणी होती, तीही तिला दाखवायची होती.

"भाऊ, हमी पाळा. रिक्षा बोलवा."

मी उठले की कॉलनीतल्या बायका उठायच्या, एवढा माझा दरारा. आम्ही नऊजणी गेल्यावर आत उरणार होते पाच, त्यातले एक रंगाभाऊ. ते हुज्जत घालतील म्हणून मी कंबर कसून तयार होते. ते मात्र हमीला जागले. रस्त्यावर जाऊन तीन रिक्षा थांबवल्या, आम्हाला बसवलं. मला उगीच अवघडल्यासारखं झालं. अवघडले की मी थट्टा करते, ही माझी जुनी खोड.

"भाऊ, त्या शर्टाचं तेवढं बघा. नटांना भोवळ येईल."

"दिसतो ना स्टेजवरनं?"

"चांदवडवरूनही दिसत असेल."

"मग झालं." ते रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहिले. "आमच्या मंडळीनं एकदा हितंच काम केलं होतं. मला म्हणली, या. मी म्हणलं, कुणी नाव ऐकलं नाय असल्या नाटकाला कोण येतं, माझा लिलाव हाय. समोर सात माणसं होती, वैनी. घरी येऊन तिनं मला सातांचेही कपडे सांगितले. कुणाचा निळा सदरा, कुणाची चौकड्याची साडी. एक बाई स्वेटर विणत होती, त्या लोकरीचा रंगसुद्धा. परत काय ती स्टेजवर उभी राहिली नाय. आता तर तीच नाय."

मग रिक्षावाल्याला म्हणाले, "सावकाश न्या हो." आणि आत निघून गेले. तिसरी घंटा झाली होती.

मी रिक्षातून उतरले. उतरताना निऱ्या अडकल्या आणि पडता पडता वाचले, हेही सांगून टाकते; माझे थोर निर्णय असेच धडपडत झालेले आहेत. मागच्या दोन रिक्षाही कुरकुरत रिकाम्या झाल्या. बायका आत जाऊन न सांगता पसरल्या.

रंगाभाऊ पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. मी दोन खुर्च्या सोडून बसले, ढीग नको म्हणून. माझी साडी राखाडी होती. त्या काळी मी तिला सोबर म्हणत असे. पडदा हलला तशी मी पिशवीतून लेकीची केशरी ओढणी काढली आणि खांद्यांवरून पांघरली. ध्यान दिसत असणार.

रंगाभाऊंनी मान वळवली नाही. हळूच म्हणाले, "आता दिसता, वैनी."